शब्दचर्चा : मुख्य प्रधान आणि मुख्यमंत्री

आजोबांच्या रोजनिश्या चाळत होते. १९४७च्या वहीत बाळासाहेब खेरांचा उल्लेख जिथे जिथे आलाय, तिथे त्यांनी ‘मुख्य प्रधान ना. खेर’ असं लिहिलंय. एका पानावर तर चक्क ‘मुंबईचे पंतप्रधान’. १९५२च्या वहीत मोरारजी देसाई मात्र ‘मुख्यमंत्री’. आजोबा शब्दांच्या बाबतीत फार काटेकोर होते, चुकून लिहिलं असेल असं वाटत नाही. मग या पाच वर्षांत नुसता शब्द बदलला की पदच बदललं? आणि ‘मुख्यमंत्री’ म्हणजे राज्याचा प्रमुख की मंत्र्यांचा प्रमुख?

साताऱ्याहून :

ताई, आजोबांचं काहीच चुकलेलं नाही. १९३५च्या कायद्यानुसार प्रांतांत निवडून आलेली मंत्रिमंडळं आली. त्यांच्या प्रमुखाला इंग्रजीत प्रीमियर किंवा प्राइम मिनिस्टरच म्हणत. मुंबई इलाख्यात १९३७च्या एप्रिलमध्ये पहिला मान मिळाला आमच्या साताऱ्याच्या सर धनजीशा कूपरांना. गव्हर्नर आपले खास अधिकार वापरणार नाहीत असं आश्वासन मिळाल्याशिवाय काँग्रेस पद घ्यायला तयार नव्हती, म्हणून ते तीन-साडेतीन महिन्यांचं मंत्रिमंडळ. जुलैत खेर आले, १९३९मध्ये युद्धाच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला, आणि १९४६ला ते परत आले. तेव्हा दिल्लीत पंतप्रधान हे पदच नव्हतं, त्यामुळे प्रांताच्या पंतप्रधानाला पंतप्रधान म्हणण्यात कुणाला अडचण वाटत नव्हती. १९४७नंतर देशाला पंतप्रधान मिळाला, १९५०च्या घटनेने राज्यांसाठी वेगळं नाव पक्कं केलं, आणि मराठीत त्याला ‘मुख्यमंत्री’ शब्द रुळला. जम्मू-काश्मीरमध्ये मात्र १९६५पर्यंत राज्याचा पंतप्रधानच असे. गुलाम मोहम्मद सादिक तिथले शेवटचे पंतप्रधान आणि तेच पहिले मुख्यमंत्री.

आता ‘मुख्य प्रधान’ या शब्दाकडे येतो, कारण माझा जीव तिथे अडकलाय. बाजीरावाचा शिक्का वाचा : ‘श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान, बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान’. म्हणजे पेशव्याच्या मुद्रेवर कोरलेलं पद ‘मुख्य प्रधान’ हेच. ‘पंतप्रधान’मधला पंत हा ‘पंडित’चा छोटा झालेला आदरार्थी शब्द. तो फक्त पेशव्याला लागत नव्हता : बावड्याचे पंत अमात्य, भोरचे पंत सचिव, औंधचे पंत प्रतिनिधी. त्या रांगेतला एकच शब्द आज दिल्लीला जाऊन बसलाय. हिंदीत ‘प्रधानमंत्री’, आपल्याकडे ‘पंतप्रधान’. हा शब्द मराठीने आपल्या घरातून दिला याचा मला फार आनंद आहे.

आणि ‘मंत्री’? अष्टप्रधानांत मंत्री म्हणजे वाकनीस, आठांपैकी एक. राजाच्या रोजच्या कारभाराची टिपणं ठेवणं, खासगीकडे लक्ष देणं हे त्याचं काम. १६७४च्या राज्याभिषेकाच्या वेळी फारसी पदनामांना संस्कृत नावं दिली गेली, तेव्हा वाकनिसाचा मंत्री झाला आणि सुरनिसाचा सचिव. त्या हिशेबाने ‘मुख्य प्रधान’ जाऊन ‘मुख्यमंत्री’ येणं म्हणजे पेशव्याच्या जागी वाकनीस बसवल्यासारखं आहे. आपला जुना शब्द टिकायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

बडोद्याहून :

काका, तो शब्द गेलेला नाही. गुजरातीत तो शाबूत आहे. आमच्याकडे सकाळी येणाऱ्या गुजराती पेपरात मुख्यमंत्र्यांना ‘मुख्य प्रधान’ आणि देशाच्या पंतप्रधानांना ‘वडा प्रधान’ असं आजही छापून येतं. ‘मुख्यमंत्री’ही चालतं, पण ‘मुख्य प्रधान’ वाचताना कुणाला ते जुनाट वाटत नाही. एकाच मुंबई राज्यात नांदलेल्या दोन भाषांपैकी एकीने तो ठेवला, दुसरीने सोडला. आमच्या घरी आई मराठीत बोलतानाही ‘मुख्य प्रधान’ म्हणते, आणि पुण्याचे पाहुणे तिला दुरुस्त करतात. आता मी त्यांना बाजीरावाचा शिक्का दाखवणार!

संस्थानी बडोद्यात शब्द होता ‘दिवाण’. सयाजीराव महाराज लहान असताना सर टी. माधवराव दिवाण होते. दिवाण महाराजांनी नेमायचा आणि महाराजांनीच काढायचा, सभागृहाचा प्रश्न नाही. विलीनीकरणाआधी इथे दिवाण असलेले डॉ. जीवराज मेहता पुढे १९६०मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. एकाच माणसाला दोन्ही नावं लागली, पण दोन्हींमागची सत्ता वेगळ्या ठिकाणाहून आलेली.

मडगावहून :

मला व्याकरणाबद्दल लिहायचंय. आमच्या गोव्यात १९६३ला भाऊसाहेब बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले आणि १९७३ला त्यांच्या निधनानंतर त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर. महाराष्ट्रात अजून एकही बाई या पदावर आलेली नाही, त्यामुळे हा प्रश्न तिथे फारसा कुणी विचारत नाही : स्त्रीसाठी शब्द कोणता? आम्ही ‘मुख्यमंत्री’च म्हणत आलो. गंमत अशी की, आदरार्थी अनेकवचनात ‘मुख्यमंत्र्यांनी सांगितलं’ हे रूप दोघांनाही सारखंच लागतं. एकेरीत आलं की अडतं. ‘मंत्र्याने’ हे पुरुषाचं रूप, आणि ‘मुख्यमंत्रीने’ म्हटलं तर कानाला खटकतं. पण एकेरीत बोलायची वेळच येत नाही. ‘मुख्यमंत्रीणबाई’ असलं काही कृपा करून कुणी घडवू नये. शशिकलाताई मुख्यमंत्री होत्या, एवढं पुरेसं आहे.

लेखनाचं एक : मूळ शब्द मंत्रिन्, म्हणून समासात ऱ्हस्व. मंत्रिमंडळ, मंत्रिपद, मुख्यमंत्रिपद. पेपरवाले ‘मुख्यमंत्रीपद’ छापतात.

मुंबईहून :

अर्थाचा मूळ प्रश्न मागे पडला, तो घेतो. मी शासकीय कागद वाचण्यात आयुष्य घालवलं. कुठलाही शासन निर्णय घ्या, अगदी शेवटी, सहीच्या वर ही ओळ असते : ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’. निर्णय मंत्रिमंडळाचा, फाइल सहाव्या मजल्यावरच्या मुख्यमंत्री कार्यालयातून फिरून आलेली, पण नाव राज्यपालांचं. राज्याचे घटनात्मक प्रमुख ते. कलम १६३मध्ये मुख्यमंत्र्यांचं वर्णन आहे ते राज्यपालांना साहाय्य करणाऱ्या व सल्ला देणाऱ्या मंत्रिमंडळाचे प्रमुख असं. तिसऱ्या अनुसूचीतल्या शपथेच्या नमुन्यात तर नुसता ‘मंत्री’ आहे. ‘उपमुख्यमंत्री’ घटनेत नाहीच. १९७८ला वसंतदादांच्या मंत्रिमंडळात नाशिकराव तिरपुडे आपल्याकडचे पहिले उपमुख्यमंत्री झाले आणि शब्द रूढ झाला.

म्हणून ताई, मंत्र्यांतला मुख्य हाच नेमका अर्थ. पण त्या ‘मुख्य’मध्ये वजन केवढं आहे ते पाहा. एखाद्या मंत्र्याने राजीनामा दिला तर एक जागा रिकामी होते. मुख्यमंत्र्यांनी दिला तर सगळं मंत्रिमंडळ जातं. बाकीचे मंत्री राज्यपाल नेमतात ते त्यांच्याच सल्ल्याने. आणि हे सगळं बळ येतं विधानसभेतून, कारण मंत्रिमंडळ सामूहिकपणे तिलाच जबाबदार.

काका, याच कारणाने मी तुमच्याशी सहमत नाही. ‘मुख्य प्रधान’ला बाजीरावाच्या शिक्क्याचा वास आहे, आणि त्या शिक्क्यात वर राजा बसलाय. आपण आधीच ‘गादी कुणाला मिळणार’, ‘अमुक साहेबांची राजवट’ असं सर्रास लिहितो. १९७५ला शंकरराव चव्हाणांनी सचिवालयाचं ‘मंत्रालय’ केलं, ते मला फार बोलकं वाटतं : इमारत निवडून आलेल्यांच्या नावाने ओळखली जावी. तिथल्या मुख्य माणसाला ‘मुख्यमंत्री’ हाच शब्द शोभतो.

साताऱ्याहून :

पटलं अर्धं. गादीबद्दल तुमचं म्हणणं मान्य, ते लिहिणं थांबवलंच पाहिजे. ‘मुख्य प्रधान’वरचा माझा हक्क मात्र सोडत नाही. बडोद्याच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

मूळ प्रश्न विचारणारी :

सगळ्यांचे मनापासून आभार. १९३७ची वही मामाकडे आहे, पुढच्या आठवड्यात जाणार आहे. आजोबांनी कूपरांना काय म्हटलंय ते पाहून इथेच लिहिते.