मदत हवी आहे : दोन छत्र्या, दोन टीव्ही, आणि वर चॅनल बदललं की खालचं गायब

देवगडजवळ आमचं कौलारू घर आहे. खळ्यात चिऱ्याच्या चौथऱ्यावर सहा फुटी जाळीची सी-बँड (मोठी छत्री लागणारा फ्रिक्वेन्सीचा पट्टा) छत्री, जीसॅट-३० उपग्रहावर म्हणजे ८३ अंशांवर लावलेली. पडवीच्या खांबाला दोन फुटी छोटी छत्री, फ्री डिशसाठी जीसॅट-१५ वर, ९३.५ अंश. दोन्हींच्या वायरी डायसेक स्विचमध्ये (बॉक्सच्या सांगण्यावरून छत्री बदलणारा स्विच) आणि तिथून एकच आरजी-६ वायर (डिशची नेहमीची केबल) घरात. सेट-टॉप बॉक्समध्ये एलएनबीची (छत्रीसमोरचा, सिग्नल पकडणारा डबा) फ्रिक्वेन्सी सी-बँडला ५१५० आणि छोटीला ९७५०/१०६०० टाकलीय. एकच टीव्ही होता तोवर दोन वर्षं तक्रार नव्हती.

मे महिन्यात माडीवर दुसरा टीव्ही आला. फिटरने स्विचनंतर स्प्लिटर लावून त्याच वायरीतून दुसरा बॉक्स चालू करून दिला. तेव्हापासून आप्पा खाली सह्याद्रीवर बातम्या बघत बसले की वर पोरं सी-बँडचं काहीतरी लावतात आणि खाली 'नो सिग्नल'. ओटीवरून आरोळी येते, "गेला मरे परत!" वरचा बॉक्स भिंतीतूनच बंद केला की खालचं ठीक.

फिटर म्हणाला स्विच गेला. दोनदा बदलला, फरक शून्य. कनेक्टर मीच उघडले. खाऱ्या हवेने एकाची तार हिरवी पडली होती, कापून नवीन बसवला. पावसाचं म्हणावं तर कडक उन्हातही हेच. गणपतीत चाकरमानी आले की दोन्ही टीव्ही दिवसभर चालू असणार. काय करू?

उत्तर :
स्विच बरोबर आहे, स्प्लिटर चुकीच्या जागी आहे. डायसेक एका वेळी एकच छत्री जोडतो. वरच्या बॉक्सने 'सी-बँड दे' म्हटलं की खालच्यालाही तीच मिळते. शिवाय उभं-आडवं पोलरायझेशन (सिग्नलच्या लहरींची दिशा) बॉक्स १३ नि १८ व्होल्टने निवडतो, म्हणजे दोघे एकाच सी-बँड एलएनबीवर असले तरी भांडणारच.

आप्पांना फक्त सह्याद्री हवं असेल तर सगळं उपटू नका. छोट्या छत्रीला दोन आउटपुटचा एलएनबी बसवा. एक वायर थेट आप्पांच्या बॉक्सला, आणि त्या बॉक्समधलं डायसेक बंद करा. दुसरी स्विचमध्ये, तिथून माडीवर. स्प्लिटर काढून टाका. कनेक्टरवर रबरी टेप गुंडाळा आणि वायरीला खाली एक झोल ठेवा, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल.

धागाकर्ता :
अरे देवा, म्हणजे दोन स्विचचे पैसे फुकट गेले! आप्पांना सह्याद्रीच पुरे, बाकीचं 'नुसतो गोंधळ'. खालची वायर पंचवीस मीटर होईल, चालेल ना? आणि असा एलएनबी देवगडात कोणी ठेवतं, की कणकवली गाठावी लागेल?