मदत हवी आहे: ट्यूबलाइटमधले फोटो आणि १२ बाय १८ चे प्रिंट

३ जानेवारीपर्यंत, म्हणजे सावित्रीबाईंच्या जयंतीपर्यंत, रोज एक फोटो काढायचं ठरवलंय. निवडक प्रिंट विकून पैसे वस्तीतल्या मुलींच्या अभ्यासिकेला द्यायचेत. मुलींचे चेहरे दाखवायचे नाहीत ही अभ्यासिकेची अट (रास्तच आहे), त्यामुळे शाईची बोटं, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेल्या वह्या, असंच काही.

अडचण उजेडाची. वर्ग संध्याकाळी, खोलीत एकच जुनी ट्यूब. शटर १/१०० सेकंद ठेवल्यावर ट्यूबच्या लुकलुकण्यामुळे फोटोत येणारे आडवे पट्टे गेले, पण आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० लागतो आणि सावल्यांत दाणे दिसतात. १/५० वर लिहिता हात फोटोत हललेला, पुसट येतो. फ्लॅश नको, मुली बिचकतात. कॅमेरा क्रॉप (लहान) सेन्सरचा, लेन्स किटचीच, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेली.

१२ बाय १८ इंची मॅट प्रिंटमध्ये हे दाणे खपून जातील, की जास्त उजेड आत घेणारी सेकंडहँड ३५ एमएम एफ/१.८ लेन्स घ्यावीच लागेल?