मदत हवी आहे: अभ्यासिकेतला डीएनएस सर्व्हर सुरूच होत नाहीये (उबुंटू २२.०४, बाइंड ९)

चाळकरी_लालबाग

मंडळी, जरा अर्जंट आहे. लालबागला आमच्या चाळीच्या तळमजल्यावर मंडळाची अभ्यासिका आहे, सोळा पीसी आणि कोपऱ्यात एक जुना डेस्कटॉप, तोच सर्व्हर. दोन वर्षं काही कटकट नव्हती. परवा रात्री पावसात लाइट गेली, यूपीएसची बॅटरी दहा मिनिटांत बसली आणि मशीन धाडकन बंद पडलं. सकाळी चालू केलं तर बाकी सगळं उठलं, फक्त नेम्ड (बाइंडचाच प्रोग्राम, नाव टाकलं की त्याचा आयपी सांगणारा) उठत नाही.

पिंग ८.८.८.८ जातोय, पण नाव टाकलं की काहीच उघडत नाही, कारण राउटर सगळ्या पीसींना डीएनएस म्हणून याच सर्व्हरचा पत्ता देतो. सध्या राउटरच्या डीएचसीपीमध्ये (पीसींना नेटची सेटिंग वाटतो तो भाग) १.१.१.१ हा बाहेरचा डीएनएस टाकलाय त्यामुळे नेट चालू झालंय, पण जुन्या प्रश्नपत्रिका आमच्याच सर्व्हरवर 'पेपर.होम.आर्पा' या नावाने आहेत आणि ते नाव बाहेरच्या डीएनएसला कुठून माहीत असणार. फळ्यावर आयपी लिहून दिला तर हजेरीचं पान उघडतं, प्रश्नपत्रिका नाही, एकाच मशीनवर दोन साइट आहेत ना, नावावरूनच वेगळ्या होतात.

आतापर्यंत केलेलं: नेम्ड-चेककॉन्फ काही बोलत नाही म्हणजे ठीक, नेम्ड-चेकझोन ओके म्हणतो, एफएसचेक क्लीन, अ‍ॅप्टने रीइन्स्टॉल केलं तरी तेच. सिस्टीमसीटीएल स्टेटसमध्ये 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली' एवढंच दिसतं. लाइट गेली तेव्हा एखादी फाईल खराब झाली असेल का?

रविवारी सकाळी सराव परीक्षा आहे, चाळीस पोरं येणार. यातल्या बऱ्याच जणांच्या घरी दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा माणसं, त्यांना अभ्यासाला दुसरी जागा नाही, म्हणून जीव वर-खाली होतोय. मोबाईलवरून टाईप करतोय म्हणून कमांड देवनागरीतच लिहिल्यात, सांभाळून घ्या.

घाटकोपरचा_रूट

डीएनएसचा पोर्ट ५३ अडलाय. उबुंटूवर त्याचा स्वतःचा डीएनएस प्रोग्राम सिस्टीमडी-रिझॉल्व्हड आधीच बसलेला असतो. 'सुडो एसएस -लुनप' मारून बघा.

चाळकरी_लालबाग

बघितलं, १२७.०.०.५३ वर सिस्टीमडी-रिझॉल्व्ह दिसतंय. बंद करून टाकू का?

पोर्ट_त्रेपन्न

दादा थांबा, बंद करू नका. रिझॉल्व्हड बसतो १२७.०.०.५३ वर आणि बाइंड मशीनच्या प्रत्येक पत्त्यावर वेगवेगळा बसतो, म्हणजे १२७.०.०.१ आणि तुमचा लॅनचा आयपी, त्यामुळे दोघं एकत्र नांदतात. दोन वर्षं नांदलेच ना? हे भांडण डीएनएसमास्क या दुसऱ्या डीएनएस प्रोग्रामच्या बाबतीत होतं, कारण तो डिफॉल्टला ०.०.०.०, म्हणजे सगळेच पत्ते धरतो. तुमच्याकडे तो नाहीये.

आणि 'रिपीटेड टू क्विकली' हा मूळ एरर नाहीच. सर्व्हर पडला की सिस्टीमडी (सगळ्या सेवा चालू-बंद करणारा) पुन्हा पुन्हा उठवून बघतो आणि शेवटी नाद सोडतो, तेवढीच ओळ तुम्हाला दिसते, खरं कारण वर सरकून जातं. आधी हातानेच चालवून बघा: 'सुडो नेम्ड -जी -यू बाइंड'. जे येईल ते इथे टाका.

चाळकरी_लालबाग

ताई, हे विचित्रच आहे. असं चालवलं तर चालतोय! शेजारच्या पीसीवरून डिग मारला, 'पेपर.होम.आर्पा' चा आयपी बरोबर आला. कंट्रोल-सी केलं आणि सिस्टीमसीटीएल स्टार्ट दिलं की परत मेला. तीनदा करून बघितलं.

पोर्ट_त्रेपन्न

म्हणजे सापडलंच समजा. -जी दिलं की नेम्ड सगळा लॉग स्क्रीनवर टाकतो आणि कॉन्फिगमधला लॉगिंगचा भाग वापरतच नाही. त्या आउटपुटमध्ये 'नॉट युझिंग कॉन्फिग फाईल लॉगिंग स्टेटमेंट' अशी ओळ असेल बघा. तो भाग वगळला की चालतो, घेतला की मरतो, तर दुखणं लॉगिंगमध्येच आहे. लॉगची फाईल कुठे ठेवलीय? आणि 'जर्नलसीटीएल -यू नेम्ड' ला वर स्क्रोल करून 'परमिशन डिनाईड' शोधा.

चाळकरी_लालबाग

हो, आहे! '/डेटा/लॉग/क्वेरी.लॉग' च्या पुढे परमिशन डिनाईड, मग 'लोडिंग कॉन्फिगरेशन: परमिशन डिनाईड' आणि त्याखाली 'एक्झिटिंग, ड्यू टू फेटल एरर'.

आणि आता आठवलं. तीन आठवड्यांपूर्वी क्वेरी लॉग (कोणत्या पीसीने कुठलं नाव विचारलं त्याची नोंद) चालू करायला मीच ते कॉन्फिगमध्ये टाकलं होतं, मेन एसएसडी ३० जीबीचाच आहे म्हणून दुसऱ्या डिस्कवर. त्या दिवशी मुलं ऑनलाइन फॉर्म भरत होती, शेवटची तारीख होती, म्हणून रीस्टार्ट नंतर करू म्हटलं आणि ते राहूनच गेलं. म्हणजे लाइट गेल्यामुळे काही खराब झालं नाही, पहिला रीस्टार्टच तेव्हा झाला. पण आता फोल्डर बाइंड युजरच्या नावावर केला, चमॉड ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) पण करून बघितलं, तरी डिनाईड कसं काय?

घाटकोपरचा_रूट

मग अ‍ॅपआर्मर. कुठल्या प्रोग्रामला कुठल्या फाईल उघडता येतील ते ठरवणारं उबुंटूचं कवच. बंद करा, पाच मिनिटांचं काम.

पोर्ट_त्रेपन्न

अ‍ॅपआर्मर हे बरोबर ओळखलंत, पण बंद नका करायला लावू. मुलांच्या मशीनवर लोकं काय काय डाउनलोड करतात, त्याच नेटवर्कवरच्या सर्व्हरची एक भिंत का पाडायची.

दादा, 'सुडो डीमेसेज' मध्ये 'अ‍ॅपआर्मर डिनाईड' आणि तुमच्या लॉगचा पाथ दिसेल. उबुंटूवर नेम्डला ठराविक फोल्डरच उघडे असतात, त्याबाहेर चमॉड काहीही करा, चालत नाही. चेककॉन्फ गप्प राहिला तो याचमुळे, ते प्रोफाईल (म्हणजे या नियमांची फाईल) नेम्डला लागू आहे, चेककॉन्फला नाही, आणि तो तुम्ही रूट म्हणून चालवलात.

सोपा उपाय: लॉग '/व्हार/लॉग/नेम्ड' मध्ये न्या, प्रोफाईलमध्ये त्याला आधीच परवानगी आहे, फक्त फोल्डर बनवून बाइंडच्या नावावर करा. दुसऱ्याच डिस्कवर हवा असेल तर '/ईटीसी/अ‍ॅपआर्मर.डी/लोकल/' मधल्या नेम्डच्या फाईलमध्ये '/डेटा/लॉग/** आरडब्ल्यू,' ही ओळ टाका, शेवटचा स्वल्पविराम विसरू नका, आणि 'अ‍ॅपआर्मर_पार्सर -आर' ने प्रोफाईल परत लोड करा. आणि ते ७७७ आजच काढा.

चाळकरी_लालबाग

झालं!! डीमेसेजमध्ये अगदी तुम्ही म्हणालात तसंच होतं. पहिला उपाय केला, लॉग '/व्हार/लॉग/नेम्ड' मध्ये नेला, एसएसडी भरू नये म्हणून लॉगिंगमध्ये 'व्हर्जन्स ३ साईझ २० एम' लावलं, ७७७ काढून ७५० केलं. नेम्ड पहिल्या झटक्यात उठला. मग मुद्दाम मशीन पूर्ण बंद करून परत चालू केलं, तरी आपोआप उठला. राउटरमधला १.१.१.१ काढून परत आपला पत्ता टाकला.

फळ्यावरचा आयपी नववीतल्या एका पोरीने पुसला आणि त्या जागी 'पेपर चालू आहेत' असं लिहून गेली. ताई, रूटभाऊ, मनापासून आभार. यूपीएसची बॅटरी उद्या आणतोय.