बिनवापराच्या लिथियम बॅटऱ्या तुम्ही कशा ठेवता?

हरभऱ्याची शेवटची फवारणी झाली की आमचा बॅटरीचा पंप पावसाळ्यापर्यंत कोणी हातात घेत नाही. पहिल्या पंपाला लेड ॲसिडची बॅटरी होती. वडिलांनी शिकवलं होतं, ती कायम भरून ठेवायची, नाहीतर आत सल्फेट धरतं. तोच नियम मी लिथियमच्या नव्या पंपाला लावला. फुल चार्ज करून पत्र्याच्या शेडमध्ये खुंटीला टांगला. परभणीचा मे महिना, बाहेर ४३ अंश. पत्र्याखाली तर उभं राहवत नाही. सोयाबीनच्या पहिल्या फवारणीला, आधी सोळा टाक्या ओढणारा पंप नवव्या टाकीला थांबला.

बॅटरीतला प्रत्येक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टवर असतो. त्यात उष्णता मिळाली की आतलं रसायन नुसतं ठेवूनही झिजतं. आता सेल ३.८ व्होल्टच्या आसपास, म्हणजे साधारण निम्म्यावर आणतो आणि जुन्या माळवदाच्या घरात, देवळीत ठेवतो. भर उन्हाळ्यातही तिथं गार असतं. तुमचे अनुभव लिहा, चुकलेलंही लिहा.

लातूर, लग्नाचं शूटिंग
आषाढी एकादशीनंतर तुळशीच्या लग्नापर्यंत आमच्याकडं लग्नाची कामं नसतात. ड्रोनच्या तीन बॅटऱ्या फुल करून बॅगेत ठेवल्या होत्या. दिवाळीनंतर बघतो तर दोन फुगलेल्या. पोरगा म्हणाला, चालू होतेय, एकदा उडवून बघू. मी हात लावू दिला नाही. वऱ्हाडाच्या डोक्यावर उडणारी वस्तू आहे ती. फुगलेली बॅटरी टोचू नका, दाबू नका, चार्जिंगला लावू नका, घंटागाडीतही देऊ नका. आम्ही त्या घराबाहेर वाळूच्या बादलीत ठेवल्या आणि ई-कचरा घेणाऱ्याकडं दिल्या. आता चार्जरवरचं 'स्टोरेज' बटण दाबून, म्हणजे निम्म्यावर आणूनच बॅटऱ्या ठेवतो.

बीड, ऊसतोड
आम्ही दसऱ्यानंतर कारखान्यावर जातो, पाडव्याच्या आगंमागं घरी येतो. डोक्याला लावायची बॅटरी पार उतरलेली तशीच घरी राहिली. आल्यावर चार्जच होईना. मिस्त्रीनं मोजली, सेल १.८ व्होल्टवर. जोर लावून चार्ज कर म्हणलं तर त्यानं सरळ नकार दिला. इतक्या खाली गेल्यावर आतलं तांबं विरघळतं आणि पुन्हा भरताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकतं, असं सांगितलं. खरं बोलला तो, नवी घेतली.

छत्रपती संभाजीनगर
निम्म्यावर ठेवली म्हणून निर्धास्त राहू नका. माझ्या इलेक्ट्रिक स्कूटरचा अलार्म आणि बॅटरीतलं सर्किट गाडी बंद असतानाही थोडा थोडा करंट घेतात. पुण्याला लेकीकडं तीन महिने राहून आलो तर गाडी मुकी. आता जाताना बॅटरी काढून ठेवतो. शेजाऱ्यांना महिन्याला बघायला सांगतो.

नांदेड, सोलरची कामं करतो
वरचा ३.८ चा आकडा सगळ्यांना लावू नका. सोलरच्या दिव्यात, इन्व्हर्टरमध्ये बहुतेक लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची बॅटरी असते. तिचा सेल ३.२ व्होल्टचा. २० टक्के भरलेला असो की ८०, मीटरवर जेमतेम फरक दिसतो. मी दिवा पूर्ण भरतो, किती तास जळतो ते एकदा मोजतो आणि पुढं निम्मे तास जाळून ठेवतो.

धाराशिव
अमावास्येला आमच्याकडं औत धरत नाहीत. त्या दिवशी मी घरातल्या सगळ्या बॅटऱ्या काढून बघते. प्रत्येकीवर चिकटपट्टी आहे, मागची तारीख आणि व्होल्टेज लिहिलेली. एकीचं व्होल्टेज दोन महिन्यांत बाकीच्यांपेक्षा बरंच उतरलं होतं, ती तेव्हाच वेगळी काढली.