शब्दचर्चा : ‘माजी सैनिकांचा सत्कार’ आणि लाकोटा पॉववॉव

प्रश्न : अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यातल्या लाकोटा या मूळनिवासी समाजाच्या पॉववॉवमध्ये (नाचगाण्यांच्या मेळाव्यात) लढाईवरून आलेल्यांना मान देतात. त्याला ‘माजी सैनिकांचा सत्कार’ म्हणावं का?

उत्तर : ‘माजी’ गाळा. लाकोटा शब्द ‘आकीछिता’. रोमन स्पेलिंगमुळे ‘अकिसिता’ वाचलं जातं, पण उच्चार आपल्या ‘छ’चा आहे. समारंभाचं नावही ‘वाछीपी’, म्हणजे ‘ते नाचतात’. (‘पॉववॉव’ हा शब्द पूर्व किनाऱ्याकडच्या अल्गोंक्वियन भाषांतला.) पूर्वी आकीछिता म्हणजे तळावर आणि बायसनच्या शिकारीत शिस्त राखायला नेमलेले लोक. एखाद्यानं आधीच पुढे घुसून कळप उधळला तर ते त्याला शिक्षा करत. आज सैनिक सेवेत असो वा निवृत्त, शब्द हाच. रिंगणात प्रवेश होतो तेव्हा गरुडपिसांचा दंड आणि झेंडे घेऊन पुढे तेच असतात. सगळे उठून उभे राहतात, टोप्या काढतात.

दुसरं मत : मला ‘सत्कार’ जास्त खटकतो. आपल्याकडे शाल-श्रीफळ सत्कारमूर्तीला मिळतं. इथे उलट आहे. सैनिकाचं कुटुंब निवेदकाला सांगून ढोलवाल्यांकडून मानाचं गाणं म्हणवून घेतं. सैनिक पुढे, घरचे मागे, असे सगळे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं संथ फेरी घालतात. बाकीचे येऊन हात मिळवतात आणि मागे रांगेत लागतात. मग कुटुंबच वाटप करतं : ब्लँकेटं, चांदणीच्या नक्षीच्या गोधड्या, पैसे, ढोलवाल्यांना, वडीलधाऱ्यांना, पाहुण्यांना. म्हणून ‘मान’ किंवा ‘सन्मान’ लिहा, आणि कोण कोणाला देतं ते वाक्यात स्पष्ट येऊ द्या. दुसऱ्या महायुद्धात लाकोटा भाषेतून गुप्त संदेश पाठवणाऱ्या सैनिकांसाठी २०१३ मध्ये वॉशिंग्टनला अमेरिकी संसदेचं (काँग्रेसचं) सुवर्णपदक दिलं गेलं, त्याला खुशाल सत्कार म्हणा.

पुरवणी : पॉववॉवविषयी लिहिताना ‘पडलेलं पीस उचललं’ एवढंच म्हणणंही अपुरं आहे. नर्तकाच्या पोशाखातलं गरुडाचं पीस गळलं की नाच थांबतो. ते रणात पडलेल्या योद्ध्यासारखं मानतात, त्यामुळे नर्तकानं स्वतः पटकन उचलून खोचणं ही मोठी चूक. कोणी तरी पिसाजवळ राखण करत उभं राहतं, निवेदक फोटो आणि रेकॉर्डिंग बंद करायला सांगतो. मग लढाई पाहिलेले आकीछिता, बहुतेकदा चौघे, गाण्यावर त्याभोवती नाचतात आणि त्यांच्यातला एक ते उचलतो. पीस परत घेताना नर्तक किंवा त्याचे घरचे त्यांना भेट देतात. इथे ‘विधिपूर्वक उचलून घेतलं’ असं लिहावं, आणि कर्ता सैनिकच ठेवावा.