'फेसलेस किलर्स'चा शेवट: मान्केलने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला का?

खडूस_वाचक

स्वीडिश लेखक हेनिंग मान्केलची 'फेसलेस किलर्स' ही कादंबरी काल रात्री संपवली आणि तेव्हापासून नुसती चिडचिड होतेय म्हणून हा धागा. स्पॉयलर आहेत, भरपूर आहेत, पुस्तक १९९१ सालचं आहे त्यामुळे कोणी गळा काढू नका.

न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. जानेवारी १९९०, स्वीडनचं दक्षिण टोक, इस्टाड नावाचं छोटं शहर. जवळच्या वस्तीवर एक म्हातारं शेतकरी जोडपं राहतं. नवऱ्याला हाल हाल करून मारलंय, बायकोच्या गळ्यात फास आहे पण ती धुगधुगी धरून आहे. ती हॉस्पिटलमध्ये जाते आणि मरता मरता एकच शब्द बोलते, 'परदेशी'. हे पेपर आणि टीव्हीवाल्यांपर्यंत फुटतं आणि मग जे व्हायचं तेच होतं, धमक्यांचे फोन, निर्वासितांच्या छावणीत आग, आणि एक सोमाली माणूस रस्त्याने चाललेला असताना गोळी घालून मारला जातो. कुर्त वॉलांडर नावाचा आपला इन्स्पेक्टर दोन्हीकडून भरडला जातो. इथपर्यंत एक नंबर, मी जेवण सोडून वाचत होतो.

आता तक्रार. पुस्तकभर लेखक आपल्याला बजावतो की बाबांनो परक्या माणसावर असा आंधळा संशय घेऊ नका, बघा त्याने काय अनर्थ होतो. आणि शेवटी म्हाताऱ्यांचे खुनी कोण निघतात? परदेशीच! म्हणजे ज्या टाळक्यांनी हा सगळा हैदोस घातला त्यांचाच संशय खरा ठरवला की राव. मान्केल स्वतः म्हणायचा की आफ्रिकेतून परत आल्यावर देशातला वर्णद्वेष बघून हे लिहायला घेतलं. मग असा शेवट का? आणि ते पकडले कसे जातात, तर म्हाताऱ्याने मोठी रक्कम काढली त्या बँकेतल्या एका कॅशियर बाईला महिन्यांपूर्वी त्या दिवशी काउंटरवर कोण कोण आलं होतं ते लख्ख आठवतं. जानेवारीत खून, उन्हाळ्यात किविकच्या जत्रेत अटक. याला तपास म्हणतात की मटका लागला म्हणतात?

मुक्ता_क

मला नेमका तोच शेवट आवडला. समजा खुनी स्वीडिश निघाले असते, त्या म्हाताऱ्याचा मुलगा किंवा शेजारी वगैरे, तर पुस्तक वाचून आपण काय म्हणालो असतो? 'बघा, उगाच संशय घेतला बिचाऱ्यांवर.' झालं, मन मोकळं, पुस्तक बंद. शाळेतल्या तात्पर्यासारखं. आता मान्केल वाचकाला कोपऱ्यात घेतो, की हो, होते परदेशी, मग? त्याने त्या सोमाली माणसाचा खून बरोबर ठरला का? त्याचा काडीचा संबंध नव्हता, तो चालत होता फक्त. तुम्ही म्हणता 'संशय खरा ठरला'. कोणावरचा संशय? दोन माणसांनी खून केला, आणि टाळक्यांचा संशय छावणीतल्या प्रत्येकावर होता, बायकापोरांसकट. ह्यात खरं काय ठरलं सांगा ना.

खडूस_वाचक

मुक्ता, हे तू म्हणतेस कारण तू विचार करून वाचतेस. विमानतळावर पुस्तक उचलणारा शंभरातला नव्वदावा माणूस एवढंच घेऊन जातो की परदेशी म्हणाली आणि परदेशीच निघाले. लेखकाला हे कळायला नको?

मुक्ता_क

नव्वदाव्या माणसासाठी कोण लिहितं हो.

अनिकेत_जी

मी एवढा खोल गेलोच नाही, अर्ध्यात सोडलं. थ्रिलर म्हणून घेतलं होतं. खून पहिल्या काही पानांत आणि मग काय, तर साहेबांची बायको मोना सोडून गेली, पोरगी लिंडा फोन उचलत नाही, बाप म्हातारचळात घर सोडून भटकतो आणि आयुष्यभर एकच चित्र रंगवतो, कधी त्यात रानकोंबडा घालून कधी न घालता. साहेब गाडीत ऑपेरा ऐकतात, वाटेल ते खातात, झोपत नाहीत. मध्ये मध्ये मीटिंग. अरे माणसा, तपास कर की. आमची सुरुवात अर्नाळकरांच्या झुंजारने झाली, तिथे दर पाच पानांना काहीतरी घडायचं.

शुभदा_ताई

वेगाचं सोडा, मला वॉलांडर हा माणूसच खटकला आणि त्यावर कोणी बोलत नाही याचं नवल वाटतं. दारू पिऊन गाडी चालवतो, रस्त्यात त्याच्याच हाताखालचे पोलिस धरतात आणि गुपचूप घरी सोडतात, प्रकरण तिथेच दाबलं. दुसऱ्या कोणाचं दाबलं असतं? पुढे प्यायलेल्या अवस्थेत त्या नव्या सरकारी वकील बाईंशी, आनेट ब्रोलीनशी, नको तितकी लगट करतो. आणि लेखकाचा सूर काय, तर बिचारा एकटा आहे. अशा बिचाऱ्यांनी ऑफिसं भरलेली असतात आणि त्रास आम्ही काढलाय. मला त्याची दया आली नाही, येणारही नाही.

अनिकेत_जी

ताई +१

लुंडवासी

मी इथेच स्कोने प्रांतात राहते, लुंडला, इस्टाड तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे राहवत नाहीये. आधी एक गोष्ट, टीव्हीवर नॉर्डिक मालिका बघून सगळ्यांना वाटतं इथे डोंगर आणि बर्फ आहे. स्कोने सपाट आहे, तव्यासारखा. बीटची शेतं, चिखल, आणि जानेवारीत असा वारा की सायकल चालवताना वाटतं आपण जागेवरच आहोत. लांब लांब एकेकटी घरं, मध्ये काही नाही. शेजारच्या घराची खिडकी उघडी दिसली म्हणून शेजाऱ्याला पहाटे शंका येते ना, ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही, कारण बघायला दुसरं असतंच काय.

आता खडूस यांच्या मुद्द्याकडे. तुम्ही पुस्तक हवेत वाचताय. इस्टाडच्या उत्तरेला, गाडीने अर्ध्या तासाच्या आत, शोबू म्हणून तालुक्याचं गाव आहे. १९८८ मध्ये तिथे चक्क सार्वमत घेतलं होतं की आमच्याकडे निर्वासित घ्यायचे का नाही, आणि जवळजवळ दोन तृतीयांश लोकांनी 'नाही' म्हटलं. देशभर गाजलं होतं ते. डिसेंबर १९८९ मध्ये सरकारनेही आश्रय देण्याचे नियम आवळले, आणि पुस्तकातला खून त्याच्या पुढच्याच महिन्यातला, जानेवारी १९९० चा. हे मान्केलने उगाच निवडलेलं नाही. आणि पुस्तक आलं त्याच १९९१ च्या ऑगस्टपासून पुढच्या जानेवारीपर्यंत स्टॉकहोम आणि उपसाला भागात एक माणूस बंदूक घेऊन काळ्या केसांच्या माणसांना टिपत होता. अकरा जणांना गोळ्या घातल्या, त्यातला एक मेला. लेझरमॅन म्हणतात इथे त्याला, कारण सुरुवातीला त्याच्या बंदुकीला लेझर लावलेला असायचा. म्हणजे मान्केलने कादंबरीत जे घडवलं ते काही महिन्यांत रस्त्यावर आलं.

अशा वेळी लेखकाने खुनी गोरे दाखवून सगळ्यांना धीर द्यायला हवा होता असं तुम्हाला वाटतं का? त्यावर त्याच शोबूमधला माणूस म्हणाला असता, हा तर खोटं बोलतोय, परदेशी लोक गुन्हे करतच नाहीत का. मान्केलने त्याला ती पळवाट ठेवली नाही.

खडूस_वाचक

शोबूचं माहीत नव्हतं, लेझरमॅनचं पण, आवडलं. पण हे सगळं पुस्तकाबाहेरचं आहे. पुस्तकाने स्वतःच्या पायावर उभं राहायला हवं ना. पुण्यात बसून वाचणाऱ्या माझ्यासारख्याने काय १९८८ चं सार्वमत उकरून काढून मग शेवट समजून घ्यायचा?

लुंडवासी

मग भारतात बसून 'परका माणूस' ह्या विषयावर वाचताना तुम्हाला बाहेरच्या माहितीची गरज का पडावी? मुंबईत 'हे बाहेरचे' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. तेवढं पुरे आहे हो.

काउंटर_नं_३

मी फक्त त्या कॅशियर बाईबद्दल बोलणार. माझी अख्खी नोकरी तालुक्याच्या गावच्या सहकारी बँकेत काउंटरवर गेली. खडूस साहेब, तुम्हाला तो मटका वाटतो कारण तुम्ही एटीएमच्या पिढीचे. नेहमी दोन-चार हजार काढणारा म्हातारा शेतकरी अचानक मोठी रक्कम रोख मागतो, त्या दिवशीचं सगळं डोक्यात बसतं. त्याचे हात कसे होते, पिशवी कसली होती, मागे रांगेत कोण रेंगाळत होतं. आम्ही नोटा मोजताना मान खाली असते पण कान आणि डोळ्याची कड उघडी असते, कारण कमी पडले तर आमच्या पगारातून जातात. आणि रांगेत अनोळखी चेहरा असला की आमचा शिपाईसुद्धा संध्याकाळी सांगायचा, आज ते नवीन दोघं आले होते. तेव्हा ती गोष्ट मला अजिबात ओढूनताणून वाटली नाही. उलट वाटलं की पोलिस एवढ्या उशिरा का आले तिच्याकडे.

नाना_कोथरूड

ह्यात भर घालतो. स्वीडिश पोलिस-कादंबऱ्यांची परंपराच मुळी तशी आहे. स्यॉवाल आणि व्हालू ह्या जोडीने १९६५ ते १९७५ मध्ये मार्टिन बेक ह्या पोलिस अधिकाऱ्याची दहा पुस्तकं लिहिली, त्यात पोलिस महिनोन्महिने कागद चाळतात, सर्दीने शिंकतात, चुकीच्या माणसामागे धावतात आणि मग कुठलातरी फालतू धागा हाती लागतो. हुशार डिटेक्टिव्ह सगळ्यांना दिवाणखान्यात जमवून उलगडा करतो ही इंग्लिश पद्धत, ती इथे शोधू नका. इथे तर मेलेल्या शेतकऱ्याची दुसरी बाजू येते, युद्धाच्या काळात केलेला पैसा, बायकोपासून लपवलेली बाई आणि मूल, वाचताना आपण खुशीत येतो की आता सापडला, आणि तो सगळा माग फुकट जातो. मला ते फार खरं वाटलं.

आणि स्वीडिश वाचकाचं बघा. पंतप्रधान पाल्मे १९८६ मध्ये सिनेमा बघून बायकोबरोबर पायी घरी जाताना भर रस्त्यात मारले गेले, आणि २०२० मध्ये सरकारी वकिलांनी एका मेलेल्या माणसावर संशय ठेवून फाईल बंद केली. चौतीस वर्षं. ज्या देशात हे चाललं होतं तिथे चलाख पोलिसाची गोष्ट कोणाला पटली असती?

शुभदाताईंचा मुद्दा मात्र बरोबर आहे. ते दारूचं प्रकरण दाबणं मलाही गिळलं नाही.

मुक्ता_क

मला वाटतं ते मुद्दामच आहे. तिथेही 'आपला माणूस' म्हणून सोडलंच ना त्याला.

शुभदा_ताई

मुद्दाम असेल तर लेखकाने नंतर कुठेतरी त्याची किंमत वसूल करायला हवी होती. केली का? नाही. उलट पुढे तीच वकील बाई त्याच्याशी गोड वागते. एका पुरुषाने लिहिलंय हे वेगळं सांगायला नको.

अनिकेत_जी

बरं मग पुढचं वाचू का नको? 'डॉग्ज ऑफ रिगा' सेलमध्ये दिसतंय.

नाना_कोथरूड

आधी हे पूर्ण कर. निदान रीडबर्गसाठी. तो आजारी म्हातारा सहकारी, जो त्या फासाच्या गाठीकडे बघत बसतो आणि म्हणतो ही इथली वाटत नाही. अख्ख्या ठाण्यात डोकं त्याचंच आहे आणि पुढच्या पुस्तकात तो नाही.

खडूस_वाचक

नाना, आता हा स्पॉयलर मात्र नको होता.

रीडबर्ग मलाही आवडला. काउंटरवाल्या काकांचं म्हणणं मान्य, कॅशियरवरचा आक्षेप अर्धा मागे. पण मग एक सांगा, एवढी तल्लख बाई गावात बसलीये, पेपर रोज खुनाच्या बातम्यांनी भरलेत, आणि ती आपणहून पोलिसांकडे का जात नाही?

काउंटर_नं_३

गिऱ्हाईकाच्या खात्याबद्दल बाहेर बोललं की नोकरी जाते साहेब.