बोलेरोच्या एच3 स्पॉट लायटींना एचआयडी: 35 की 55 वॉट?

कच्चीवाट:
बंपरवर 7 इंची दोन गोल स्पॉट आहेत. समोर काच, आत पत्र्याचा रिफ्लेक्टर, बल्ब एच3 प्रकारचा हॅलोजन, 100 वॉट. बॅटरीपासून 2.5 चौरस मिमीची वायर, एक रिले (स्विचच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा), 20 अँपिअरचा फ्यूज. एचआयडी (तारेऐवजी वायूतल्या विजेच्या ठिणगीने पेटणारा बल्ब) किट टाकायचंय. वॉट किती, केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप) किती, आणि हीच वायरिंग पुरेल का? पावसाळ्यात ओढ्यातून जाताना बंपर बुडतो, मग बॅलास्ट (एचआयडी बल्बला वीज पुरवणारा डबा) कुठे लावू?

रिलेवाला:
35 वॉट, 4300 केल्विन. 55 वॉटच्या हॅलोजनचा उजेड साधारण 1450 ल्युमेन, चांगल्या 35 वॉट एचआयडीचा 3200 च्या आसपास. 6000 चा रंग निळसर दिसतो, पण उजेड कमी पडतो. 55 वॉटचा बॅलास्ट 35 वॉटच्या बल्बला जोडला की बल्ब लवकर जातो.

वायर आणि फ्यूज राहू द्या. 100 च्या दोन बल्बना जवळपास 17 अँपिअर लागत होते, 35 च्या दोन बॅलास्टना चालू स्थितीत 7 लागतील. खरी परीक्षा सुरुवातीच्या काही सेकंदांत. तेव्हा प्रत्येक बॅलास्ट दुप्पट-तिप्पट करंट ओढतो. व्होल्टेज पडलं की लाइट लपलपते, विझते, पुन्हा पेटायला बघते. लोक बल्ब बदलत बसतात, दोष मात्र गंजलेल्या अर्थिंगचा असतो. म्हणून निगेटिव्ह बंपरच्या बोल्टला न देता थेट बॅटरीवर न्या.

एच3 हॅलोजनला बहुतेक एकच वायर असते, दुसरी बाजू लायटीच्या पत्र्यातून अर्थ होते. बॅलास्टला दोन्ही वायरी स्वतंत्र लागतात. हॅलोजनला उलट-सुलट चालतं, बॅलास्टला नाही. जोडण्याआधी मल्टिमीटर लावून प्लस-मायनस तपासाच.

झोत:
मला त्याआधी रिफ्लेक्टरची काळजी वाटते. एच3 ची तार बल्बच्या अक्षाला आडवी असते. एचआयडीचा आर्क (ठिणगी) अक्षाच्या रेषेत पेटतो. त्यामुळे त्याच रिफ्लेक्टरमधून झोताचा आकार बदलतो. स्पॉटमध्ये मधोमध काळपट डाग पडून उजेड कडेला पसरू शकतो. एच1 ची तार अक्षाच्या रेषेतच असते, तिथे हा त्रास कमी. आधी एकाच लायटीत बसवा, 10 मीटरवरच्या भिंतीवर दोन्ही झोत शेजारी शेजारी पाहा. शिवाय एचआयडी बल्ब लांब असतो. रिफ्लेक्टरच्या मधल्या पत्र्याच्या टोपीला टेकला तर खड्ड्यात काच फुटलीच समजा.

कच्चीवाट:
टेकत नाही, बोटभर जागा आहे. पण मागचं झाकण बंद आहे, वायर बाहेर कशी काढू?

रिलेवाला:
झाकणाला भोक पाडा. किटच्या वायरीवर रबरी ग्रोमेट (भोकात बसणारी कडी) असतो, त्याची खाच मोजून तेवढंच. बहुतेक 23 ते 25 मिमी निघतं. स्टेप ड्रिल वापरा, कड कानशीने घासा, नाहीतर पत्रा रबर कापतो. लायटीच्या तळाला पाणी निथळायचं छोटं भोक असेल तर ते सिलिकॉनने बुजवू नका, आत वाफ धरते.

बॅलास्ट बंपरवर नकोच. रेडिएटरच्या वर, बॉनेटखालच्या पट्टीवर, इंजिनाच्या उष्णतेपासून लांब, कनेक्टरचं तोंड खाली ठेवून कसा. वायरीला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथूनच गळेल. इग्नायटर (बल्ब पेटवायला जास्त व्होल्टेज देणारा भाग) ते बल्ब ही वायर कापायची नाही, लांबवायची नाही. पेटताना तिच्यात 20,000 व्होल्टच्या वर ताण असतो. अंतर पुरत नसेल तर बॅलास्ट जवळ आणा, आणि झाकण उघडण्याआधी फ्यूज काढा. बल्बच्या काचेला बोट लागलं तर स्पिरिटने पुसा.

झोत:
अपरच्या स्विचला जोडू नका, वेगळा स्विच द्या. पूर्ण उजेडाला काही सेकंद लागतात आणि सारखं चालू-बंद केल्याने बल्ब-बॅलास्ट दोन्ही मरतात. अपर-डिपर हॅलोजनच राहू द्या, धुक्यात-धुळीत तोच कामाला येतो. डांबरी रस्त्यावर स्पॉटच्या काचेवर झाकणटोपी चढवा, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपून त्याला काही दिसत नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालत नाही, म्हणून हेडलाइटमध्ये हे किट अजिबात नको.